हळद लागलेली काचेची तार

मित्रांनो, वीतभर लांब आणि शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक अशी मी एक जुनी काचेची तार. पोटातून उजेड वाहून न्यायचा, हे माझं काम. माझ्या बहिणी घरोघरी इंटरनेट पोचवतात. उजेड सांडू नये म्हणून त्यांच्या अंगावर आवरण असतं. माझं मात्र मधोमध सोललेलं.

सोललं केतकीने. ती दिल्लीत संशोधन करते. उघड्या अंगावर तिने जंतूंना धरून ठेवणारा लेप चढवला. तिथे उजेड जरासा बाहेर डोकावतो, दारातून नवी सून डोकावते तसा, आणि परततो. बाहेर जंतू चिकटले असतील, तर ते त्यातला घोटभर पितात. पलीकडच्या टोकाला उजेड कमी पोचला, की समजायचं, पाणी वाईट.

केतकीच्या बाबांना, गुणवंतरावांना, टायफॉइड होऊन गेला होता. पुन्हा झाला तर शरीराला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिनाभर उकळलेलं पाणी पिऊन ते कंटाळले होते. "नळाचं पाणी तुझ्या तारेने पास केलं, की मी सुटलो," असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत मी दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या घरी आले.

त्या दिवशी खंडेनवमी. आईंनी, म्हणजे चंद्रप्रभाबाईंनी, विळी पुजली, स्कूटर पुजली, आणि गुणगुणत माझ्यापाशी आल्या:

काचेच्या गं वाटेवर चाले उजेड एकला,
उंबऱ्याशी थबकून पुसे, कोण गं हा आला?

आणि त्यांनी हळदीचं बोट माझ्या उघड्या अंगावर टेकवलं.

"आई, यार! तिला हात लावायचा नसतो!"

"अगं, तुझ्या कामाचं हत्यार ना? मग पूजा नको?"

केतकीने मला नळाच्या पाण्यात सोडलं. माझ्या टोकाशी जोडलेल्या मापकावर उजेडाचा आकडा घसरला. बाबा खो खो हसले. "अच्छा! तुझ्या आईची हळदच पकडली हिने. चलो, आण तो नळाच्या पाण्याचा पेला."

मित्रांनो, मला तोंड नाही. मी सांगत होते, पण माझं सांगणं हळदीच्या नावावर गेलं होतं. पेला त्यांच्या ओठांपाशी पोचला.

"बाबा, थांबा. पाच मिनिटं."

केतकीने मला आधी उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवलं. हळदीने तिचा वाटा घेतला होता, पण आता उजेड जागच्या जागी स्थिर राहिला. मग पुन्हा नळाचं पाणी. आकडा उतरू लागला; हळूहळू, थांबेचना.

"हळद अशी थोडं थोडं पीत नाही, बाबा. एकेक करून चिकटणारे जंतूच पितात," ती म्हणाली. त्यांनी पेला खाली ठेवला.

गच्चीवर जाऊन पाहिलं, तर माकडांनी टाकीचं झाकण उघडलं होतं. पाण्यात विष्ठा तरंगत होती.

आईंनी मला हात जोडले. केतकीने मात्र आईंनाच मिठी मारली.

माझा लेप त्या दिवशी संपला, हळदही निघाली नाही. आता प्रयोगशाळेतल्या एका डबीत मी पडून असते. नव्या तारा कामावर गेल्या. माझ्याकडे कुणी फिरकत नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, एक मागणं आहे. नाजूक वस्तू लवकर डागाळतात, आणि डाग दिसला, की त्यांचं खरं बोलणंही लोक हसण्यावारी नेतात. माणसांचंही असंच होतं. तुम्ही हसा हवं तर, पण त्यांना एकदा पुन्हा विचारा. केतकीने विचारलं, म्हणून तिचे बाबा आज रोज सकाळी गच्चीवर चढतात आणि टाकीच्या झाकणावर ठेवलेली वीट हलवून बघतात.