कार्डं पाठमोरी

“कार्डं पाठमोरी, चेहरे सामोरे!” फोटोकाकांनी आरोळी ठोकली आणि आठवीच्या अख्ख्या वर्गाने खिदळत गळ्यातली ओळखपत्रं उलटी केली.

वर्गशिक्षिका संकोचून बाजूला उभी होती. शाळेच्या पेजवर फोटो टाकायचं काम तिचं आणि फोटोकाका तिचेच वडील. काका आजारी असले की फोटो तीच काढायची, पण ही आरोळी तिने कधी तोंडातून काढली नव्हती. लाज वाटायची.

“बाबा, उरका ना. पालक फोटोची वाट बघतायत.”

“बघू देत. त्या वेणीवालीचं कार्ड पुन्हा सरळ झालंय.”

“दिसलं तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“नाव, वर्ग, बसचा थांबा, आईचा फोन नंबर,” काका हळूच म्हणाले. “एवढी माहिती तर जावईबापूंनी लग्न ठरवतानाही दिली नव्हती.”

शेजारच्या वर्गाच्या बाई फिस्सकन हसल्या. ती मात्र चिडलीच.

संध्याकाळी काकांनी कॅमेरा पुसून कपाटात ठेवला, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर केली, टीव्हीसमोर डुलक्या काढल्या. सकाळी उठलेच नाहीत.

रजा संपवून ती शाळेत आली, तेव्हा मैदानावर बक्षीस समारंभ आटपत आला होता. मुख्याध्यापिकांनी आपला फोन तिच्या हातात दिला. “आता तुम्हीच काढा. आणि लगेच टाका.”

वेणीवाली शेवटच्या रांगेत होती, जिंकलेली ढाल गळ्याशी घट्ट धरून.

“पुढे ये की. पहिली आलीस ना?”

“नको, बाई.”

“का गं?”

“तुम्ही नव्हता तेव्हा सहलीचा फोटो पेजवर टाकला ना... त्यात माझं कार्ड सरळ होतं. नावावरून इन्स्टावर शोधून एक माणूस मला मेसेज करतो. मी कुठे उतरते ते माहितीये त्याला. काल थांब्यावर कुणीतरी उभं होतं.”

“घरी सांगितलंस?”

“आई फोन काढून घेईल.”

“मी बोलते आईशी. मेसेज पुसू नकोस. आणि आज बसने जायचं नाही, मी सोडते तुला.”

आधी तिने तो सहलीचा फोटो पेजवरून काढून टाकला. मग मागे सरकून फोन डोळ्यांसमोर धरला. तिने घसा खाकरला.

“कार्डं पाठमोरी!”

पुढचं सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलं. शेवटच्या रांगेत ढाल हळूहळू खाली आली.