कृपासदनच्या फलकावरची पाचवी ओळ

“सर, ही पाचवी ओळ रिकामी काऊन आहे?”

मित्रांनो, पन्नास वर्षांत हा प्रश्न मला पाहून कोणी विचारला नव्हता. इथल्याच शाळेत नववीत असलेल्या मंजुश्रीने विचारला, आणि तोही पैजेपायी. पूनम आणि शिवमने तिला जिन्यात धरलं होतं. “स्वतःले लय डेअरिंगबाज समजते ना? मग विचार कुलगुरूले. आम्ही दाराआड थांबतो.”

“थांबता का पयता?”

“तू विचार तर आधी बे.”

ती ओळ माझ्या अंगावर आहे. मी कृपासदन ख्रिस्ती विद्यापीठाच्या सभागृहातला नामफलक. सागवानी, माणसाहून उंच, रंगाने काळाकुट्ट, डावा कोपरा वाळवीने थोडासा चाखलेला. संस्थेच्या प्रमुखांची नावं अंगावर वागवणं, हीच माझी नोकरी.

दुसरबीडच्या फहीम मिस्त्रींनी मला घडवलं, तेव्हा विद्यापीठ कुठलं! जानेफळच्या बाजूला, माळावर, मिशनची दोन खोल्यांची शाळा होती. माझ्यावरचं पहिलं नाव हॅलोवे साहेबांचं. साहेब सायकलवर गावोगाव फिरून मुलं गोळा करायचे आणि कुणी आग्रहाने ठेचा वाढला की नाही म्हणायचे नाहीत. मग दिवसभर पाण्याच्या मडक्यापाशी बसायचे. दुसरं नाव शेषराव गवई गुरुजींचं. त्यांनी अध्यापक विद्यालय काढलं. पुढे कॉलेज झालं आणि शेवटी विद्यापीठ. मुख्याध्यापकाचा प्राचार्य झाला, प्राचार्याचा कुलगुरू झाला, मी मात्र त्याच खिळ्यांवर.

इथली एक चाल आहे. नवा प्रमुख चर्चमध्ये गुडघे टेकतो. मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, वडीलधारे त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग सगळे गात गात सभागृहात येतात आणि गीत संपायच्या आत पेंटर माझ्यावर नाव लिहितो. ताजा रंग असा गार लागतो म्हणता! त्या दिवशी माझी केवढी ऐट असायची. पण डोक्यावर हात नाही, तर फलकावर नाव नाही.

बहात्तर साल आलं. चौथे प्रमुख रामराव सर आजारी पडले, उपचाराला गेले आणि परतले नाहीत. “पंधरा दिवस तुम्ही बघा,” असं मंडळीने मुलींच्या वसतिगृहाच्या जनकाबाईंना सांगितलं. त्या पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली. दुष्काळ असा की आईबापांच्या मागे मुलंही दुष्काळी कामावर, खडी फोडायच्या केंद्रावर निघून गेली. शाळेत बाकं उरली. जनकाबाईंनी मग शाळाच तिकडे नेली. बैलगाडीत खडू, पाट्या आणि दोन मास्तर घालून त्या रोज केंद्रावर जायच्या. दगडाच्या ढिगाआड सावलीत वर्ग भरायचा आणि दुष्काळात मिळणारी सरकारी खाऊची सुकडी वाटली की सुटायचा. त्या तीन वर्षांत कृपासदनला कुलूप लागलं नाही.

त्यांच्या डोक्यावर मात्र कोणी हात ठेवले नाहीत. “बाईमाणूस आहे, आणि तात्पुरती आहे. अशी चाल नाही,” असं ठरलं. हे मी भिंतीवरून ऐकलं. मी काय करणार?

पंच्याहत्तरमध्ये नवे प्राचार्य आले. मुजम्मिल पेंटर शिडीवर चढले आणि त्यांनी विचारलं, “मधल्या तीन सालांचं कोन?”

“कोणी नाही. पुढे लिहा,” मंडळीचे वडीलधारे म्हणाले.

मुजम्मिल पेंटरने ब्रश रंगात बुडवला. मग एक ओळ सोडून खाली लिहिलं. जनकाबाई मागे मुलींच्या रांगेत उभ्या राहून गात होत्या. पुढे त्या शेगावला बहिणीकडे राहायला गेल्या. तिकडून त्यांची काही बातमी माझ्यापर्यंत आली नाही.

आता स्थापना दिनाला माझ्या जागी ग्रॅनाइटची शिळा बसणार आहे. त्यावर अकरा नावं आहेत, एकाखाली एक, मध्ये जागा नाही. रामराव सरांच्या नावापुढचं साल वाढवून पंच्याहत्तरपर्यंत नेलं आहे. समारंभात ती नावं मोठ्याने वाचायला खणखणीत आवाजाची म्हणून मंजुश्रीला निवडलं आणि तालमीतच तिने पैज जिंकली.

कुलगुरू हसले. “पेंटरची चूक असेल, बेटा. नव्या शिळेवर दुरुस्त केली आहे.”

मला ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला साधं करकरायचं म्हटलं तरी कुणीतरी हलवावं लागतं. पूनम आणि शिवम केव्हाच पळाले होते. कुलगुरूही गेले. तेव्हा खुर्च्या पुसणाऱ्या सरस्वतीबाई मंजुश्रीजवळ आल्या.

“चूक नाही वं पोरी. थे जागा आमच्या जनकाबाईची आहे. मी खडीवरच बाराखडी शिकली तिच्याजवळ.”

फडकं हातात घेऊनच त्यांनी सगळं सांगितलं. एरवी एका जागी न टिकणारी मंजुश्री खाली बसून ऐकत राहिली.

आज संध्याकाळी मला उतरवायला माणसं आली. देखरेखीला मंजुश्रीचे बाबा होते. ते कार्यालयात मोठे बाबू आहेत. आई झेंडूच्या माळा घेऊन आली होती. मंजुश्रीने दोघांना माझ्यासमोर गाठलं.

“बाबा, जनकाबाईचं नाव तुम्हाले माहीत होतं?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “यादी मीच टाईप केली, माय. जुन्या फायलीत त्यांच्या सह्या आहेत. मी साहेबांना दाखवल्या. ते म्हणाले, प्रभारी धरायचे नसतात. शिळा कोरून आली, आता काय होते?”

“तू आपली यादी वाच आणि खाली ये,” आई म्हणाली. “बाबांना रोज साहेबांच्या कार्यालयातच बसायचं आहे.”

एक खिळा निघाला. मी एका बाजूला कललो. मला भांडारात ठेवणार आहेत, मोडक्या बाकांमागे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. लाकूड कधीतरी उतरतंच. पण तुमच्या शाळेत असा फलक असेल, तर त्यावरची नावं वाचा आणि कोणाचं राहिलं तेही एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आम्हाला माहीत असतं, पण सांगता येत नाही.

मंजुश्रीने बाबांच्या हातातली यादी घेतली, पाहिली आणि परत दिली.

“हे तुमच्याजवळच राहू द्या. उद्या मी बारा नावं वाचणार आहे. पाचवं जनकाबाईचं.”