आठ दाणे

रीताचा थोरला टिंकू अकरा वर्षांचा असताना गेला. तिरोड्याला लग्नाच्या पंगतीत त्यानं चटणी खाल्ली, ओठ सुजले, श्वास कोंडला आणि दवाखाना यायच्या आधी गाडीतच संपला. चटणीत फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे होते. दाणे खाल्ले की त्याचं तोंड खाजायचं, अंगावर गांधी उठायच्या. घरात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

वर्षभरानं धाकट्या नीतूच्या अंगावरही तशाच गांधी उठल्या. रीता आणि तिचा नवरा सेवकराम सौंदडहून तिला नागपूरला घेऊन गेले. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाणे टाळत राहा, हा एक उपाय. दुसरा म्हणजे, तेच रोज थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची. यात धोका आहे."

"ज्यानं पोरगा गेला, तेच कायले खाऊ घालाचं?" सेवकराम म्हणाला.

"घालू," रीता म्हणाली.

दवाखान्यातून मोजून दिलेली दाण्याची पूड ती रोज नाश्त्यानंतर दह्यात कालवून द्यायची. मग दोन तास नीतूनं पळायचं नाही. ताप असला की पूड बंद. मात्रा वाढवायची ती नागपुरातच.

चौथ्या महिन्यात एका सकाळी पूड खाल्ल्यावर नीतू खोकू लागली, आवाज घोगरा झाला. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे रीतानं अशा वेळेसाठी दिलेली औषधाची सुई तिच्या मांडीत टोचली आणि सेवकरामला गाडी काढायला सांगितलं. संध्याकाळी नीतू बरी होऊन घरी आली तेव्हा शेजारच्या सुशिलाबाई म्हणाल्या, "बाई, तू तं रडली बी नाहीस." रीता नीतूसाठी भात कालवायला आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली, पुन्हा हळूहळू वाढवली. दीड वर्षानं नीतूनं त्यांच्यासमोर आठ अख्खे दाणे खाल्ले. दोन तास झाले. काही झालं नाही.

"आजार गेला असं समजू नका," बाई म्हणाल्या. "रोज खावंच लागेल, सुई जवळ ठेवा. पण चुकून थोडं पोटात गेलं, तर जीवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी झाली."

सेवकराम बाहेर बाकावर बसून रडला. रीतानं पाण्याची बाटली भरून घेतली.

परतीच्या गाडीत नीतूनं विचारलं, "माय, दादाले बी हेच देलं असतं तं?"

"तवा आमाले मालूम नोहोतं."

"तू रडून राहिली का?"

"नाही," रीता म्हणाली. ते खरं होतं. नीतू तिच्या मांडीवर झोपली आणि सौंदड येईपर्यंत रीता तिचा श्वास मोजत राहिली.