चार बोटांचं वर्ष

क्लेमेंट मास्तर गेले तेव्हा मागे उरलं ते मोजकंच होतं. आगाशीजवळची केळीची वाडी, वाडीतलं बावखल म्हणजे छोटं तळं, एक बायको, दोन मुलगे आणि एक काळा खोका. वाडी आणि बावखलावरून मुलगे भांडत होतेच. बायकोवरून कोणी भांडलं नाही. खोक्यावरून मात्र दोघं एकमेकांचं रक्त काढायला निघाले, तेही चर्चच्या सणाच्या दिवशी, मिस्सेवरून आल्यावर, इस्त्रीच्या शर्टात.

खोका म्हणजे जुना क्लिक कॅमेरा. एक भिंग, एक खटका, आणि उजेड ठरवायला ऊन-ढगाची दोन चित्रं. एका रोलवर बारा फोटो. मास्तर चित्रकला शिकवत आणि कागदाच्या दोन्ही बाजू भरल्याशिवाय तो टाकत नसत. त्यांचा नियम असा की वर्षाला एकच फोटो. सणाला सगळ्यांना बावखलाच्या काठावर उभं करायचं, स्वतः उन्हाकडे पाठ करायची, "हलू नका" म्हणायचं आणि खटका दाबायचा. बारा वर्षं भरली की रोल धुवायचा. अकरा भरली आणि मास्तरच संपले. आतलं एकही वर्ष कोणी पाहिलेलं नव्हतं.

अकराव्या वेळी खटका वाजला त्याच क्षणी मुलगे एकमेकांवर तुटून पडले होते. कारण बावखल. गोड्या पाण्याचं ते तळं थोरल्या इग्नेशियसला बुजवून त्यावर भाड्याचे बंगले बांधायचे होते, धाकट्या फ्रेडरिकला ते आहे तसं विकायचं होतं. त्यातलं पाणी कोणालाच नको होतं. त्या दिवशी फ्रेडरिकचे पुढचे दोन दात गेले आणि इग्नेशियसच्या डाव्या कानाची पाळी गेली. चौकीत दोघांनी तक्रारी दिल्या. मजकूर एकच, फक्त नावांची अदलाबदल. पहिला हात कोणी उचलला, एवढाच प्रश्न होता.

मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "मी कॅमेऱ्यातून बघत होतो. त्यात सगळे लहान दिसतात."

बेटीला, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांवर ऊन होतं."

चार महिन्यांनी मास्तर गेले. खोका बेटीच्या कपाटात गेला, आणि तिथेच राहिला असता. पण एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतली विनया आली. ही मुलगी असल्याच जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांवर फोटो काढत गावोगाव हिंडते आणि घरच्या न्हाणीघरात रोल धुते. बावखलाचा फोटो काढायला आली, चहाला थांबली, खोका हातात घेतला आणि मागच्या लाल काचेवरची काळी चिकटपट्टी उचलून म्हणाली, "आंटी, आत रोल आहे! अकरा नंबरवर. उघडू नका हां, अजून निघतील फोटो."

इग्नेशियस ओट्यावरच होता. फ्रेडरिकला संध्याकाळपर्यंत कळलं, कारण इग्नेशियसच्या बायकोला पोटात काही ठेवता येत नाही. अकराव्या फोटोत पहिला हात दुसऱ्याचाच निघेल याची दोघांनाही इतकी खात्री होती की त्या रात्री दोघांना वर्षभरात पहिल्यांदा शांत झोप लागली. रोल धुवून कोणी आणायचा, एवढंच ठरायचं होतं. बेटीने सांगितलं, विनया सणाला येईल, सगळ्यांसमोर घेऊन जाईल.

सणाला विनया आली तेव्हा बेटी बावखलाच्या पायरीवर खोका घेऊन उभी होती, त्याचा चामडी पट्टा मनगटाला गुंडाळून.

"तिच्याकडे नको," फ्रेडरिक म्हणाला. "ही तुझ्या ओट्यावर चहा प्यायलेली आहे."

"चहा मम्मीने दिला. तू तर आईच्या हातचा चहापण मोजतोस."

"दात मोजतो मी. दोन कमी आहेत."

"ये, तिसरा काढतो."

आणि काढला. इग्नेशियसची मूठ बसली तसा फ्रेडरिक दोन पावलं मागे गेला, तोंडातलं थुंकून पुढे आला आणि त्याने थोरल्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं पायरीवर आडवे झाले. इग्नेशियसने त्याचे केस धरून तोंड दगडावर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आवाज वेगळा आला. फ्रेडरिकने उरल्यासुरल्या दातांनी त्याचा अंगठा धरला आणि सोडेना. विनयाच्या गळ्यात दोन कॅमेरे होते आणि दोन्ही हात तोंडावर.

"फ्रेडी, सोड! इग्नेस!" बेटी मध्ये शिरली. तिथेच चुकली. दोघांनाही भावाआधी खोका दिसला. दोघांनी पट्टा धरला, एकाने इकडे ओढला, एकाने तिकडे. मध्ये तिचं मनगट होतं. हिरवी काटकी मोडावी तसं काहीतरी वाजलं. विनयाने ऐकलं, बेटीने ऐकलं. ज्यांच्यामुळे वाजलं त्यांनी नाही ऐकलं.

पट्टा तुटला, खोका बेटीच्या हातात राहिला. फ्रेडरिक घड कापायच्या कोयत्यापर्यंत पोहोचला. पहिला वार केळीत बसला, दुसरा इग्नेशियसच्या दंडात. पांढरी बाही कोपरापर्यंत लाल झाली. इग्नेशियसने रक्ताळल्या हातानेच फावडं उचललं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम उरकायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता, आणि बेटी त्यालाच घाबरली.

तिने खोका छातीशी दाबला आणि चांगल्या हाताने मागचं झाकण उघडलं.

"मम्मी!" दोघं एकदम ओरडले. वर्षभरात एकमत झालं ते एवढंच.

इग्नेशियस नऊ वर्षांचा असताना त्याने आधीच्या एका रोलवर असंच झाकण उघडलं होतं. मास्तरांनी एक थोबाडीत दिली होती आणि मग रडणाऱ्या पोराला केळीचा खांब सोलून दाखवला होता. ऊन शिरलं की वरची सोपटं जळतात रे, आतली राहतात. शेवटचं वर्ष सगळ्यात वर, पहिलं सगळ्यात आत. बेटी तेव्हा शेजारीच भांडी घासत होती. लक्ष नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकायची तिला जुनी सवय.

तिने फिल्मचं टोक धरलं आणि बोंबलाचं आतडं ओढावं तशी उन्हात ओढली, एका फोटोएवढी. चार बोटं.

"हा अकरावा. घ्या, बघा कोणी मारलं ते."

फावडं हवेतच राहिलं. फ्रेडरिकने कोयता टाकला नाही, पण खाली केला.

पुन्हा चार बोटं. "हा दहावा. त्या सणाला एक इकडच्या टोकाला उभा, एक तिकडच्या. मास्तरांना मागे सरकत सरकत खड्ड्यात पडायची वेळ आली."

"आंटी, पुरे ना," विनया रडत होती. "ते फोटो परत येणार नाहीत."

"म्हणून तर." चार बोटं. "नववा. इग्नेस, तू डॅडींना हरामखोर म्हणालास तो." चार बोटं. "आठवा. फ्रेडी, तू वाडीत माणसं आणून जमीन मोजलीस. बाप घरात तापाने पडलेला."

सातव्यावर तिने अंगठा दाबला. सातव्या वर्षी हे दोघं एका ताटात जेवले होते की नाही, तिला आठवेना. मग उरलेली गुंडाळी घट्ट दाबून झाकण लावलं आणि खोका विनयाच्या हातात दिला.

"आता एकमेकांना मारा. कशासाठी ते तुमचं तुम्ही ठरवा."

इग्नेशियसच्या दंडातून रक्त गळतच होतं. फ्रेडरिक पायरीवर बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला. एका रिक्षात दोघं मावणार नव्हते, पण एकच रिक्षा मिळाली.

विनया दहा दिवसांनी आली. सहा फोटो आले होते, कडा भाजल्यासारखे, पण आले होते. सातवा अर्धा. सहाही फोटोंत मुलगे शेजारी उभे होते, एकात तर धाकटा थोरल्याच्या खांद्यावर रेलून हसत होता, तोंडभर दात. आणि प्रत्येक फोटोत सगळ्यांच्या पायांशी एक लांब सावली पडली होती, कोपरं बाहेर काढलेली. उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या मास्तरांची. बेटीने ती बोटाने चाचपून पाहिली.

मुलगे वेगवेगळ्या वेळी आले असते, पण तिने एकाच वेळेला बोलावलं. इग्नेशियसला बावीस टाके, फ्रेडरिकचा जबडा तारेने बांधलेला, तिचं मनगट प्लास्टरमध्ये. सहा फोटो तिने ओट्यावर मांडले. दोघं वाकून बराच वेळ बघत होते. फ्रेडरिकने सावलीवर बोट ठेवलं आणि तारांमधून काहीतरी म्हणाला. ते "डॅडी" असावं.

"मला एकेक कॉपी हवी," इग्नेशियस म्हणाला. "त्यालाही दे. विनयाकडे असेल ना?"

"नाही. मी नको म्हटलं तिला. आहे ते एवढंच." बेटीने फोटो गोळा केले. जिच्यावरून कॉप्या निघतात ती फिल्मची पट्टी तिच्या पदराला खोचलेली होती. ती तिने काढून वर धरली. "आधी चौकीत जा. दोघं एकत्र जा. दोन्ही तक्रारी मागे घ्या आणि बावखलाला हात लावणार नाही असं लिहून आणा. मग बघू."

"आणि नाही आणलं तर?"

धड असलेल्या हाताने बेटीने चुलीजवळची काडेपेटी उचलून ओट्यावर ठेवली.

इग्नेशियस हसायला गेला. मग त्याने भावाकडे बघितलं. भाऊ काडेपेटीकडे बघत होता. फिल्म ओढताना आई कशी दिसत होती, हे दोघांनी सारख्याच अंतरावरून पाहिलं होतं.

रिक्षा या वेळीही एकच मिळाली.