कुमुदला सपन पडलं

माघ उतरणीला लागला होता आणि वरुडकडच्या शिवारात संत्र्याचा आंबिया बहार फुटला होता. हिरव्यागर्द पानांआडून शुभ्र, मेणसर, पंचदली फुलं उमलली होती. गंध असा दाट, असा गर्भार, की वाऱ्यानंही त्याच्या भारानं वाकून चालावं. उत्तरेला सातपुड्याची निळीसावळी रेघ, पूर्वेला केशराची नुकती फाकलेली चीर, आणि झाडाझाडांतून मधमाश्यांचा मंद्र, मधुर, मदमत्त गुंजारव.

त्या शुभ्र सुगंधातून एक बाई अनवाणी धावत निघाली होती.

केस मोकळे, पदर मातीत लोळणारा, श्वास उरात न मावणारा. पन्नाशी ओलांडलेली कुमुद वानखडे परकरी पोरीसारखी धावत होती. वाटेतल्या फांद्या तिच्या खांद्यांना लागत होत्या, पाकळ्या तिच्या केसांत झरत होत्या, आणि ती ओरडत होती, साऱ्या बागेला जाग येईल अशा आवाजात ओरडत होती,

"अहो, आयकता का? मले सपन पडलं! सपन पडलं मले!"

बागेच्या पार टोकाला तिचे यजमान, दादाराव, ठिबकची नळी साफ करत बसले होते. त्यांनी मान वर केली. नळी हातातून सुटली, पाण्याची बारीक चांदणी धार उडाली आणि त्यांच्या धोतरावर सांडत राहिली. ती बंद करायचं भान त्यांना राहिलं नाही.

एका स्वप्नाचा एवढा गजर? हो, एवढाच गजर. कारण कितीतरी वर्षं या बाईच्या रात्री वांझ गेल्या होत्या.

कधीकाळी कुमुद स्वप्नांची धनीण होती. सकाळी चुलीवर चहा उकळायला लागला, की हिचं रात्रीचं स्वप्नही उकळायला लागायचं. कधी म्हशीच्या शिंगांवर दिवाळीच्या पणत्या लागायच्या, कधी गावचा सरपंच पतंग होऊन उडायचा. लेक प्रणिता कपबशी हातात धरून ऐकत बसायची आणि शाळेला उशीर करायची. ते घर चहानं नव्हे, हिच्या स्वप्नांनी जागं व्हायचं.

मग तिचा पाठचा भाऊ शालीक गेला. घाटात, अपघातात, निरोपाचा शब्दही न बोलता. कुमुदच्या डोळ्याला डोळा लागेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, म्हणाले, थोडे दिवस घ्या.

गोळी होती इवलीशी, फिकट गुलाबी. पहिल्या रात्री ती आईच्या मांडीसारखी वाटली.

थोड्या दिवसांचे ऋतू झाले, ऋतूंची वर्षं झाली. चिठ्ठी जीर्ण झाली, पण औषधाच्या दुकानात चेहरा ओळखीचा झाला होता. एक पुरेना म्हणून दीड, दीड पुरेना म्हणून दोन, पुढे दुपारीही अर्धी. आणि गोळी जे देत होती ती झोप नव्हतीच. तो नुसता अंधार होता, निश्चल, निर्नाद, निःस्वप्न. कुमुद त्यात दगडासारखी बुडायची आणि सकाळी दगडासारखीच वर यायची. आधी स्वप्नं गेली. मग भाजीतलं मीठ गेलं, माणसांची नावं गेली, दुधाची पातेली करपून गेली. लेकीच्या लग्नात ती दुसऱ्याच्या मांडवात बसावं तशी बसली. सप्तपदी झाली, अक्षता पडल्या, पाठवणी झाली. तिच्या मनावर त्यातलं काहीच उमटलं नाही.

एके दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं कुणाला न सांगता सगळ्या गोळ्या पेटत्या चुलीत लोटल्या.

दोन-तीन दिवसांतच देह पेटला. हात थरथरले. अंगाला घामाच्या धारा लागल्या. पान गळलं तरी भांडं आदळल्यासारखं वाटे, ऊन सुयांसारखं टोचे. भरदुपारी अंगणात तिला झटका आला आणि ती कोसळली. दादारावांनी तिला उचललं आणि अमरावती गाठली.

तिथं मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर सबीहा काझी तिच्या खाटेशी येऊन बसल्या. कुमुदनं मान खाली घातली.

"लोकायचं सुटते, माह्यं काहून सुटत नाही, बाई? मीच कच्ची हाय."

"तुम्ही कच्च्या नाही, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या मेंदूला या गोळीची सवय पडलीय. तिच्याविना शांत कसं व्हायचं हेच तो विसरलाय. तो पुन्हा शिकेल, पण त्याला वेळ द्यायला हवा. एकदम तोडायचं नाही, कधीच नाही. मी सांगेन तसं, हळूहळू उतरायचं."

"आन् झोप?"

"आधी रुसेल. मग येईल."

"आन् सपनं?"

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या हसल्या. "तीही येतील. आली की मला फोन करायचा."

मग ती उतरण सुरू झाली. कणाकणानं, कलेकलेनं, चंद्र कृष्णपक्षात झिजावा तशी गोळी झिजू लागली. कधी रात्री तळमळीच्या, कधी दिवस चिडचिडीचे. श्रावणात तर एक पायरी उतरली आणि जीव असा कासावीस झाला, की डॉक्टरांनी तिला तिथंच थांबवलं. घाई नाही, म्हणाल्या. कुमुदनं रागानं ताट भिरकावलं. अबोल दादारावांनी ते उचललं, धुतलं, आणि त्यात पुन्हा गरम भाकर वाढली.

डॉक्टरांकडे बोलायला बसल्यावर एकदा शालीकचं नाव निघालं. गोळीखाली गाडलेलं ते दुःख इतक्या वर्षांनी कोवळं, ओलं, जिवंत वर आलं. कुमुद हंबरडा फोडून रडली. त्या रडण्यानंतर तिला पहिल्यांदा भूक लागली.

दिवाळीच्या सुमारास शेवटचा कणही सुटला. झोप येऊ लागली, विरळ, पण स्वतःची. अधूनमधून दचकवणाऱ्या भयांच्या चिंध्या येत, पण स्वप्न येत नव्हतं. रोज सकाळी दादाराव नुसत्या डोळ्यांनी विचारत, आणि कुमुद नुसती मान हलवी.

आणि आज!

"अहो, वर्धा नदी आपल्या घरी जेवाले आली!" कुमुद धापा टाकत सांगत होती, हात नाचवत सांगत होती. "नऊवारी नेसून! उंबऱ्यात पाय पुसले आन् पाटावर बसली. म्या झुणका वाढला, तं म्हणते, अजून वाढ व माय, लय दूरून आली. आन् तिच्या पदरातून मासोया टपटप टपटप पडू रायल्या. आन् आपला शालीक..."

तिचा आवाज हलला, पण तुटला नाही.

"शालीक त्या मासोया येचून तिच्या पदरात टाकू रायला. हासत होता हो. माह्याकडं पाहून हासला."

दादाराव चिंब धोतरानं उभे होते. डोळे भरून आले होते. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं,

"मंग? भाकर पुरली का नदीले?"

कुमुद हसली. आधी ओठांत, मग गळ्यात, मग सबंध देहात हसू फुटलं. पोटाला हात लावून, झाडाला टेकून, रडत रडत ती हसली, आणि दादारावही हसले.

त्या सकाळी फोन तापला. अमरावतीला डॉक्टरांनी सारं स्वप्न ऐकून घेतलं आणि "मासे कोणते होते, काकू?" असं विचारलं. अकोल्याला प्रणितानं एकदा ऐकलं, पुन्हा सांग म्हणाली, पुन्हा ऐकलं. तिला कामावर जायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाराव बागेकडे निघाले. वहाणा हातात होत्या, पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार होतं. सहज त्यांनी मागे वळून पाहिलं. खिडकीतून उजेडाची पहिली फिकट पट्टी कुमुदच्या चेहऱ्यावर उतरली होती. मिटल्या पापण्यांखाली तिची बुबुळं हलत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटू पाहत होतं.

दादारावांनी वहाणा अलगद खाली ठेवल्या. ते तिथंच, भिंतीला पाठ टेकून बसले. बाहेर उजाडत गेलं, पाखरं बोलत गेली, ऊन पायरी पायरीनं वर चढत गेलं. आणि ते बसून राहिले, श्वास सांभाळून, कान टवकारून, ती जागी होण्याची वाट पाहत.