माती न लावलेल्या विटा

मित्रांनो, मी सीमेवरच्या कोबानी शहरातली एक जुनी मातीची भिंत आहे. माझी एक बाजू बोजानच्या घरात आहे आणि दुसरी खेजालबाईंच्या घरात. सध्या माझा जीव टांगणीला लागला आहे, म्हणून बोलते आहे.

बोजानच्या वडिलांनी आणि खेजालबाईंच्या सासऱ्यांनी मिळून माझ्या विटा पाडल्या. तांबडी माती, बारीक भुसा आणि दोन्ही घरांतल्या बायकांनी तुडवलेला चिखल एवढेच माझे भांडवल. वर्षानुवर्षे मी एकच काम केले. इकडचे भांडण तिकडे जाऊ दिले नाही. अगदी सगळेच अडवले असे म्हणणार नाही, कारण बोजानच्या बायकोचा आवाजच तसा आहे. तरी उन्हाळ्यात दोन्हीकडचे लोक माझ्या गारव्याला पाठ लावून बसत आणि माझे कौतुक करत.

मग लढाई शहरात शिरली. गल्लीत पाऊल टाकणाऱ्याला टिपायला गच्च्यांवर नेमबाज बसले होते. त्यामुळे शहर राखायला लढणाऱ्या आपल्या पोरापोरींनी घराघरांच्या भिंती फोडून आतून वाट काढली. एका मुलीने पहारीने मला माणूस जाईल एवढे भोक पाडले. "माफ कर गं," ती मला म्हणाली. भिंतीची माफी कुणी मागत नाही, म्हणून ते लक्षात राहिले. ती पुन्हा या वाटेने आली नाही.

शहर वाचले आणि लोक सीमेपलीकडून परतले. पण काही महिन्यांनी एका पहाटे हल्लेखोर पुन्हा घुसले. बोजानची बायको नातवंडांना घेऊन माझ्यातल्या भोकातून पळाली, म्हणून ती सगळी वाचली. तेव्हापासून ते भोक बुजवायचे नाव काढले की बोजानला घाम फुटायचा.

खेजालबाईंना मात्र ते नको होते. सीमेपलीकडे राहिलेली त्यांची मुलगी रोनाही तान्ह्या मुलीला घेऊन परत येणार होती. शेवटी हे प्रकरण मोहल्ल्याच्या समितीपुढे गेले.

"बोजानभाऊ, माझ्या लेकीनं काय तुमच्या घोरण्यावर पोरीला झोपवायचं?" खेजालबाई कडाडल्या.

"घोरतोय तो जिवंत आहे म्हणून, वहिनी! आणि माझी नातवंडं जिवंत आहेत ती त्या भोकामुळं!"

समितीच्या पेरवीनबाईंनी दोघांना चहा पाजला आणि तोड काढली. विटा रचायच्या, पण माती लावायची नाही. वेळ आली तर धक्का द्यायचा आणि पळायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारले नाही.

त्या दिवसापासून मी भिंत आहे की दार, हे माझे मलाच कळेना. तिकडे राजधानीत सरकारशी आपल्या लोकांची बोलणी सुरू झाली. आपले पहारेकरी राहणार का, शाळेत आपली भाषा राहणार का, पेरवीनबाईंची समिती राहणार की वरून कुणी साहेब येणार? रोज नवी बातमी. बातमी वाईट असली की बोजान येऊन विटा हलवून बघायचा. पलीकडे खेजालबाईंनी नातीचा पाळणा नेमका माझ्या पायाशी आणून ठेवला, का तर पळायची वाट जवळ हवी. इकडून ढकलल्या तर विटा कुठे पडतील, हे एकट्या मला दिसत होते. पण मला तोंड कुठे आहे? मी भीतीने नुसती झुरत होते.

परवा दुपारी गल्लीत धाडधाड गोळ्या वाजल्या. लग्नाची वरात होती, कुणीतरी हौसेने हवेत बार काढले होते. बोजानला फक्त गोळ्या ऐकू आल्या. त्याने विटांना खांदा लावला. वरच्या चार विटा पलीकडे, थेट पाळण्यात कोसळल्या.

पाळणा रिकामा होता. पोरगी रोनाहीच्या मांडीवर दूध पीत होती.

भोकातून बोजानचा पांढराफटक चेहरा दिसत होता. खेजालबाईंनी पाळण्यातली एक वीट उचलली.

"माती कालवा, बोजानभाऊ."

"राजधानीत काय ते ठरू दे, वहिनी. मग बघू."

"त्यांचं ते ठरवतील. ही भिंत तुमची नि माझी आहे. हिचं आपण ठरवू."

"आणि ते परत आले तर?"

"मलाही भीती वाटते हो, रात्र रात्र डोळा लागत नाही. पण पोरीच्या डोक्यावर विटा टांगून मी नाही जगणार."

संध्याकाळी दोघांनी अंगणात चिखल तुडवला. बोजान रडत होता आणि घाम पुसतोय असे दाखवत होता. शेवटची वीट उचलून त्याने एकदा भोकातून पलीकडे पाहिले. मग ती बसवली.

मित्रांनो, मी पुन्हा अखंड झाले, तरी माझी धास्ती गेलेली नाही. माती अजून ओली आहे आणि ओली भिंत जरा धक्का लागला तरी ढासळते. उद्या तुमच्यातले कुणी मोठे होऊन राज्य चालवतील, करारांवर सह्या करतील. तेव्हा आमच्यासारख्यांचा एवढाच विचार करा. माती वाळायला थोडे दिवस लागतात. तेवढे दिवस आम्हाला धक्का लावू नका.