लाकडी कुरकुऱ्या आणि व्हर्नाबाईंची पत्रे

मित्रांनो, आमच्या पार्कच्या फाटकातून आत आलात की मी दिसण्याआधी माझी कुरकुर तुमच्या कानावर पडेल. मी एक जुना लाकडी रोलर कोस्टर आहे. पेनसिल्व्हेनियात एका तळ्याकाठी मी उभा आहे. माझे नाव 'ग्रंबलर', म्हणजे कुरकुऱ्या. पाटीवर ते ठळक पिवळ्या अक्षरांत रंगवले आहे, त्यामुळे नाकारायची सोय नाही.

माझा जन्म १९२६ सालचा. पार्कचे मालक एमॉस ड्रायबेलबिस यांनी मला बांधायला हार्लन क्नेप नावाच्या सुताराला बोलावले. हार्लनने तोवर फक्त गवताची कोठारे बांधली होती. "हेही कोठारच. फक्त भिंती विसरायच्या," असे म्हणून तो कामाला लागला. पाइनचे खांब, आडवे-तिरपे टेकू, वर एकावर एक बसवलेल्या फळ्यांचा मार्ग आणि त्या फळ्यांवर लोखंडाची पातळ पट्टी, असा मी तयार झालो.

पहिल्या चाचणीला बसायची कोणाची छाती होईना. म्हणून डब्यांत बटाट्यांची पोती ठेवली. दुसऱ्या उंचवट्याच्या माथ्यावर पोती उसवली आणि सगळे बटाटे हवेत गेले.

"हार्लन! अरे, बटाटे उडाले! उद्या माणसं उडतील!" एमॉस ओरडले.

"माणसं दांडा धरून बसतील, साहेब," हार्लन शांतपणे म्हणाला. "बटाट्यांना हात कुठे असतात?"

तरी तो माथा त्याने दोन हात खाली घेतला. एमॉस यांचा पाच वर्षांचा मुलगा लॉयड हे सगळे बघत होता. एक बटाटा नेमका त्याच्या टोपीवर येऊन बसला. त्या दिवसापासून लॉयडने माझ्यात पाऊल ठेवले नाही. पुढे तो पार्कचा मालक झाला, तरीही नाही.

मित्रांनो, ती माझ्या भरभराटीची वर्षे होती. खाणीतले कामगार रविवारी घरच्यांना घेऊन यायचे. व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे तळलेले काप खायचे आणि लगेच माझ्यात बसायचे. हा क्रम चुकीचा आहे, हे त्यांना खाली आल्यावर कळायचे. एका पाद्रीबुवांनी तिसऱ्या उतारावर मोठ्याने जे शब्द काढले, ते प्रार्थनेच्या कुठल्याच पुस्तकात नसावेत.

आम्हा लाकडी मंडळींचा स्वभाव लहरी असतो. सकाळी मी आळसावलेला असतो. ऊन चढले आणि चाकांचे वंगण पातळ झाले की मला हुरूप येतो. पाऊस पडून गेल्यावर तर मी माझाच राहत नाही. डबे डुलतात, खांब हलके झुकतात, शेजारचा माणूस तुमच्या अंगावर आदळतो. अशी कितीतरी लग्ने मी जमवली आहेत.

रोज सकाळी हार्लन हातोडी आणि पाना घेऊन माझ्या अंगावरून चालत जायचा. सैल बोल्ट आवळायचा, चिरलेली फळी बदलायचा. त्याच्यानंतर हे काम त्याची मुलगी अर्डिथ करू लागली. तिची हातोडी बापाच्या हातोडीपेक्षा जोरात बसायची आणि तोंडही तसेच चालायचे.

माझ्या लांबच्या वळणाला लागून कुंपण होते. कुंपणापलीकडे व्हर्ना फेटरॉल्फबाईंचे घर. बाई एकट्या राहायच्या. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी लहानग्या लॉयडला शिकवले होते आणि मालक झाल्यावरही लॉयड त्यांना बघून ताठ उभा राहायचा. दर उन्हाळ्यात बाईंची पाच-सहा पत्रे कचेरीत येत. पाकिटावरचे टोकदार अक्षर पाहूनच लॉयडला घाम फुटे. 'आवाजाची तक्रार, दुसरं काय,' असे पुटपुटत तो पत्र न उघडता बुटांच्या खोक्यात टाकी. असे तीस उन्हाळे गेले. मलाही वाटायचे, या बाईंचा माझ्यावर राग आहे. त्यांच्या खिडकीजवळून जाताना मी आवाज कमी करायचा प्रयत्न करायचो. पण लाकडाला ते जमत नाही.

१९८४ साली माझ्या शेजारी पोलादी कोस्टर आला. नाव 'सिल्व्हर नीडल', चंदेरी सुई. मी उगाच निंदा करणार नाही. तो देखणा होता. माझ्या दुप्पट उंच होता, माणसांना दोनदा उलटे टांगायचा आणि हे सगळे चूं न करता. सकाळ असो, संध्याकाळ असो, ऊन असो, पाऊस असो, त्याची प्रत्येक फेरी अगदी सारखी. लोक उतरायचे, केस नीट करायचे आणि पुढे जायचे. पण रांग त्याच्याकडे होती. माझ्यासमोरच्या रांगेत बदके उभी असायची.

दोन वर्षांनी, जुलै महिन्यात, लॉयडने माझ्या दारावर 'बंद' अशी पाटी लावली. थंडी पडायच्या आत मला पाडून तिथे मोटारी उभ्या करायला जागा करायची, असे ठरले. अर्डिथ त्याच्याशी इतकी भांडली की बदकेसुद्धा तळ्यात गेली. लॉयड बधला नाही.

तिसऱ्या दिवशी ऐंशी वर्षांच्या व्हर्नाबाई छत्री टेकत कचेरीत आल्या. कचेरी माझ्या जिन्याखालीच आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"लॉयड, गाडी का बंद आहे?"

"मिसेस फेटरॉल्फ, आता तुम्हाला आवाजाचा त्रास नाही. निवांत झोपा."

"मला त्रास आहे असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच! तीस वर्षं तक्रारी लिहिताय की."

"वाचल्यास?"

लॉयड टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"लॉयड ड्रायबेलबिस, मी काहीतरी विचारलं."

"नाही, बाई," पासष्ट वर्षांचा लॉयड म्हणाला.

"काढ बाहेर. आणि मोठ्यानं वाच. अडखळलास तर पुन्हा पहिल्यापासून."

लॉयडने खोके काढले. पहिले पाकीट फोडून तो वाचू लागला: "बारा जून. लांबच्या वळणावर, शेवटचा डबा गेल्यावर एक जास्तीचा खट्ट ऐकू येतो. फळी सैल असावी. कृपया पाहून घ्यावे."

दारात उभ्या असलेल्या अर्डिथने खिशातून जुनी वही काढली. ती सगळी कामे तारखेवार लिहून ठेवायची. "हे कुठल्या सालचं? पाकिटावरचा शिक्का बघू... हां. पंधरा जून, लांबचं वळण, फळी बदलली." तिने डोळे मोठे केले. "अहो, ही फळी मी तीन दिवस शोधत होते! सांगायचं तरी!"

"सांगितलंच होतं," बाई म्हणाल्या. "खोक्याला."

पत्रामागून पत्रे निघाली. तक्रार एकाही पत्रात नव्हती. कुठली साखळी ओढताना कण्हते, कुठला सांधा उशिरा वाजतो, सगळे बाईंनी खिडकीत बसून ऐकले होते आणि लिहिले होते. मित्रांनो, मला माझ्याच विचारांची लाज वाटली.

शेवटचे पत्र मी बंद होण्याच्या आदल्या आठवड्यातले होते. "लांबच्या वळणावर आता खट्ट नाही. पोकळ आवाज आहे, रिकाम्या पिंपासारखा. हे बरे लक्षण नव्हे."

अर्डिथ तडक बाहेर पडली. लांबच्या वळणाचे खांब वरून रंगवलेले, चांगले गुळगुळीत होते. तिने त्यांना एकेक करून गिरमिट लावले. पाचव्या खांबातून लाकडाचा भुगा यायच्या ऐवजी ओली तपकिरी माती आली. खांब आतून कुजला होता. तिने ती माती मुठीत आणून लॉयडच्या टेबलावर ठेवली. मी बंद होईपर्यंत लॉयडच्या दोन नाती माझ्यातून उतरायचे नाव घेत नसत. तो खुर्चीत मटकन बसला.

"म्हणजे पाडायलाच हवा," तो हळूच म्हणाला.

"दाढ किडली तर तू डोकं काढून टाकतोस का रे?" बाईंनी विचारले.

"नऊ खांब बदलायचे," अर्डिथ म्हणाली. "तीन आठवडे द्या मला."

"आणि मग बसणार कोण? सगळे त्या सुईकडे पळतात."

"मी बसेन," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं कुंपणापलीकडून ऐकतेय. एकदा तरी या म्हणालास?" लॉयडची मान खाली गेली. "आणि माझ्या शेजारी तू."

"मी? नको, बाई. मला... काम आहे."

"मी विचारलं नाही, लॉयड."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, पावसाची सर येऊन गेल्यावर, दोघे पहिल्या डब्यात बसले. ओल्या फळ्यांवर मी कसा धावतो, ते मी सांगितलेच आहे. बाईंनी दोन्ही हात वर केले. लॉयडने दांडा, डबा आणि बाईंची छत्री, जे सापडेल ते धरले. दुसऱ्या माथ्यावर तो असा काही किंचाळला की सुईच्या रांगेतली सगळी माणसे वळून बघू लागली. मालकाला काय झाले, हे बघायला निम्मी रांग धावत आली.

गाडी थांबली. लॉयडचा टाय पाठीवर गेला होता. तोंड पांढरेफटक.

"पुन्हा," तो म्हणाला.

"या वेळी मागच्या डब्यात," बाई म्हणाल्या. "तिथे जास्त उडतं."

त्यांच्या मागे जी रांग लागली, ती पार्क बंद होईपर्यंत हटली नाही. 'बंद'ची पाटी लॉयडने स्वतः उचकटली.

मित्रांनो, आज सुई नाही. वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या नळ्यांना आतून बारीक तडे गेले. माझी एखादी फळी बदलता येते, तसा पोलादाचा एक तुकडा बदलता येत नाही. चार दिवसांत ती उतरवून ट्रकांवर चढवली. मला वाईट वाटले. ती कधी कुरकुरली नाही, त्यामुळे तिला काय होते आहे ते कोणाला कळलेच नाही.

मी काही तिच्यापेक्षा मजबूत नाही. हार्लनने ठोकलेले लाकूड आता माझ्यात फार थोडे उरले आहे. दर वर्षी माझा थोडा भाग नवा होतो, म्हणून मी शंभरीच्या घरात येऊनही तुम्हाला ओरडायला लावतो. कोणीतरी रोज सकाळी अंगावरून हात फिरवते, कान देऊन ऐकते, एवढ्यावर माझे चालले आहे. तुमच्या घरीही जुन्या वस्तू असतील, जुनी माणसे असतील. त्यांची कुरकुर ऐकून लगेच दार लावून घेऊ नका. कुठे दुखते ते एकदा विचारा.

आणि कधी इकडे आलात तर मागच्या डब्यात बसा. उतरल्यावर खाली हातोडी घेऊन अर्डिथची भाची उभी असते. कुठे काय वाजले, ते तिला जरूर सांगा. ती लिहून घेते.